तळाचं पाणी

पाचवी बरणी भरली तेव्हा मिस्त्रीचा एक दात पडलेला होता.

तो बोटीच्या केबिनमध्ये, फळ्यांवर, इंजिनाला पाठ लावून बसला होता. भावाने एका हाताने त्याची कॉलर धरली होती. दुसऱ्या हातात पान्हा होता. बहीण डिझेलच्या टाकीशी गुडघे टेकून हातपंप मारत होती. बरणीत आधी सगळं ढवळून यायचं, मग हळूहळू डिझेल वर चढायचं आणि खाली पाणी उरायचं. पाणीच जास्त.

याच पाण्याने पाच दिवसांपूर्वी, बंदराच्या तोंडाशी, इंजिन बंद पडलं होतं. वारा बोटीला खडकांकडे ढकलत होता. एकट्या बाबांना शीड चढवायला वेळ मिळाला नाही. बोट खडकांना लागली आणि बाबा गेले.

"टाकीच्या झाकणाचं रबर बदलायला सांगितलं होतं तुला. होतं की नाही?"

"बदललं. नवं कोरं आहे. वर जाऊन बघा."

पान्हा खांद्यावर बसला. हाड वाजलं.

"तुझ्या झाकणातून समुद्र शिरलाय आत, आणि वर तोंड करून बोलतोस?"

"झाकणातून शिरेल ते वाटीभर." मिस्त्रीने रक्त गिळलं. "ही बादली झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, मालक. ताई, तुम्ही चाखून बघा. समुद्राचं असेल तर खारट लागेल. मग खुशाल ठेचा मला."

"चाख गं," भाऊ म्हणाला. "एकदाची ह्याची टकळी बंद होऊ दे."

तिने एका बारीक नळीचं टोक बरणीच्या तळाशी नेलं आणि घोटभर ओढलं. ती थुंकली. पुन्हा ओढलं, जिभेवर धरलं, थुंकली.

मग ती उठून ओट्यापाशी गेली आणि पिण्याच्या पाण्याचा नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला.

वर डेकवर दोन झाकणं शेजारी शेजारी होती, एकाच आकाराची, एकाच पितळेची. उजवीकडचं पाण्याचं, डावीकडचं डिझेलचं. एरवी बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या सकाळी ते दोऱ्या सोडवत होते आणि पाण्याची नळी भावाच्या हातात होती.

"खारट ना?"

त्याने पान्हा उचलला होता. या वेळी डोक्यावर. मिस्त्रीने डोळे मिटून घेतले.

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. भावाला तेवढंच हवं होतं.

"पाणी गोडं आहे," ती म्हणाली. "आणि प्यायच्या टाकीत थेंब नाही."

पान्हा तसाच वर राहिला. भावाने नळाकडे पाहिलं, मग छताकडे. कॉलर सोडून रिकामा हात, झाकणं आठवत, आधी उजवीकडे गेला, मग डावीकडे.

"डावीकडचं," तो म्हणाला. "मी डावीकडचं उघडलं."

पान्हा फळ्यांवर आदळला. ती पुढे होईपर्यंत त्याने दोन्ही हातांनी बरणी उचलून तोंडाला लावली होती. डिझेल हनुवटीवरून, गळ्यावरून ओघळत होतं आणि तो घटाघटा पीत होता.

बरणी मिस्त्रीने उडवली. चांगल्या हाताच्या एका फटक्यात. काच फुटली. त्याने भावाला खाली पाडलं, छातीवर गुडघा दाबला आणि तोंडात बोटं घातली.

"गिळू नकोस! थुंक! थुंक म्हणतो ना, गाढवा!"

भावाने दात रोवले. मिस्त्री कळवळला. रक्त मनगटापर्यंत आलं, पण त्याने बोटं काढली नाहीत.