ऐंशीच्या खाली

त्र्याऐंशी.

हे-रान खाली उतरली, श्वास रोखून पुन्हा काट्यावर उभी राहिली. दांडी दोनदा डुलली आणि तिथंच स्थिरावली. त्र्याऐंशी. सलग नववा आठवडा.

"किती?" आतल्या खोलीतून अप्पांनी विचारलं.

"तेवढंच."

"जाऊ दे मग. नसेल नशिबात. ये, चार घास भात खा."

हे-राननं वहीत आकडा लिहिला. चौदा महिन्यांपूर्वी पहिल्या पानावर तिनं सत्त्याण्णव लिहिलं होतं. अप्पांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन चार वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून त्यांचं रक्त धुवावं लागे. आता तर यंत्राची सुई टोचायची हाताची शीरही बुजत चालली होती. ज्याचं मूत्रपिंड जुळेल असं माणूस घरात एकच होतं, ती स्वतः. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "ऐंशीच्या खाली या आणि जन्मभर खालीच राहा. उरलेल्या एकाच मूत्रपिंडावर एवढा भार टाकता येणार नाही. रोज सकाळी, एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करायचं. लिहून ठेवायचं." अप्पा नाहीच म्हणत होते. शेवटी तिच्या हट्टापुढे म्हणाले, "आधी ऐंशीच्या खाली तर ये. मग बघू."

काट्याला नावं ठेवायची सोय नव्हती. अप्पांनी मोक्पो बंदराच्या मासळीबाजारात तीस वर्षं तोलण्याचं काम केलं होतं. तोक-सूंचं, म्हणजे अप्पांचं, माप म्हटलं की कोळी आणि व्यापारी दोघंही मुकाट मान डोलवत. ते निवृत्त झाले तेव्हा बाजारानं त्यांना हाच काटा भेट दिला होता. अजूनही रोज पहाटे अप्पा स्वतः तो पुसत, दांडीला वजनं टांगून ठेवत.

म्हणजे चूक तिचीच. आधी तिनं रात्रीचा भात सोडला, मग दुपारचा. एक उकडलेलं रताळं आणि टोफूचा तुकडा, एवढ्यावर दिवस काढू लागली. गेल्या आठवड्यात, ती बोटीची तिकिटं विकायची त्या धक्क्यावरच्या जिन्यात तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती चार पायऱ्या घसरली. शेजारच्या तिकीट खिडकीवरची सोन-जाताई म्हणाली, "अगं, त्या ढगळ झालेल्या स्कर्टला पिना तरी लाव. एखाद्या दिवशी प्रवाशांसमोर फजिती होईल." हे-रानला वाटलं, बिचारी धीर द्यायला बोलतेय.

आज दहा वाजता तीन महिन्यांची तपासणी होती. बसमध्ये ती मनातल्या मनात विनवणीची वाक्यं जुळवत बसली. अजून एक महिना द्या. फक्त एक महिना.

नर्सनं आकडा वाचला, "सत्त्याहत्तर."

"तुमचा काटा बिघडलाय," हे-रान म्हणाली.

नर्सनं तिला शेजारच्या खोलीतल्या काट्यावर उभं केलं. सत्त्याहत्तर.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे भलतंच काहीतरी लिहिलंय. आणि चेहरा बघा स्वतःचा! उपाशी राहून दान करायला निघालात? आता एक किलोसुद्धा उतरवायचं नाही. दोन वेळा नीट जेवायचं, वजन इथंच राखायचं. बाकी रिपोर्ट चांगले आहेत. नऊ मार्चला घेऊ."

हे-रान घरचे तीन मजले धावतच चढली. अप्पा ओट्याशी मुळा चिरत होते.

"अप्पा, झालं! सत्त्याहत्तर! नऊ मार्चला ऑपरेशन!"

अप्पांच्या हातातली सुरी थांबली. "शक्यच नाही," त्यांच्या तोंडून निसटलं. "दर आठवड्याला मी..."

पुढचं त्यांनी गिळलं. पण हे-रान काट्यापाशी पोचली होती. तिनं टांगलेली वजनं एकेक करून काढली आणि उलटी केली. बुडाशी कानशीचे ताजे, चकचकीत ओरखडे होते. वजन हलकं झालं की माणूस जड भरतो. मापातलं हे पाप मासळीबाजारातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

"अप्पा, मी जिन्यात पडले," तिचा आवाज फाटला. "दोन महिने उपाशी झोपले मी!"

अप्पा खाली बसले. "वाटलं, कंटाळशील. सोडून देशील." त्यांनी हातातली सुरी बाजूला ठेवली. "तुझ्या आईचं ऑपरेशन साधं होतं. मी दाराबाहेर तिच्या चपला मांडीवर घेऊन बसलो होतो. घरी आलो तो नुसत्या चपला घेऊन. आता तुझ्याही घेऊन बसू?"

तिला थांबवायला त्यांनी वजनांतून जेवढं घासून काढलं होतं, त्याच प्रमाणात तिनं आपल्या अंगातून काढलं होतं, म्हणून आकडा हलला नव्हता. ओरडायला तोंड उघडलेली हे-रान तशीच त्यांच्यासमोर बसली.

"आणि मी तुमच्या चपला घेऊन घरी आले तर? ते चालेल तुम्हाला?"

अप्पा उठले आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नऊ मार्चला खूण केली.

नऊ मार्चला दोघं एकाच दारातून आत गेले. बाहेर चपला सांभाळत बसायला घरात तिसरं कुणी नव्हतंच. एप्रिल लागण्याआधी दोघंही आपापल्या चपला घालून, एकमेकांना 'सावकाश, सावकाश' म्हणत, तीन मजले चढून आले.