आईची खोली

भिंगरीने काचेला तोंड लावलं आणि पलीकडे बसलेल्या आजीचं नाक चाटायचा प्रयत्न केला.

“खाते की काय मला,” आजी जाळीतून म्हणाली. “बघू, आ कर. दिसला गं दिसला. कणीएवढा आहे.”

“सकाळीच आला,” भिंगरीची आई म्हणाली. तिला हसू आलं नाही. पहिला दात दिसला, म्हणजे आज मधल्या खोलीतली पारख.

“तू धापा का टाकतेयस, आई? खोली ती केवढी.”

“म्हातारपण. बिछान्यावरून उठलं तरी दम लागतो.”

आईची खोली खरंच एवढीशी. एक स्टूल, एक दिवा, मागे जाड पडदा. पडद्यामागे बिछाना आणि मोरी आहे, असं आई सांगायची. त्या खोलीत पृथ्वीची उबदार हवा भरलेली. बाकी सगळा हा दूरच्या ग्रहाचा चंद्र गारठ्यातल्या माणसांचा. अंगभर मऊ लव, रुंद नाकपुड्या, मिणमिणत्या उजेडातही सुई ओवतील असे डोळे. याच चंद्रासाठी घडवलेली माणसं. आईसारख्या उन्हातल्या, पृथ्वीवरच्या माणसाने काचेच्या अलीकडे एक श्वास घेतला, तर दुसरा घेता आला नसता.

तरी आई आली होती. पहिल्या पिढीची मुलं पोटात वाढवायला उन्हातल्याच बायका लागल्या. आईने लेकीला जन्म दिला, नाळ कापताच गारठ्यातल्या थोरल्यांकडे सोपवलं, आणि मग माघारी न जाता काचेपाशी राहिली. लेकीला एकदाही कडेवर घेतलं नाही. माझ्यापायी आई कोंडली गेली, हे कुसळ लेकीच्या मनातून कधी निघालंच नाही.

लहानपणी ती काचेला पाठ टेकून बसायची. पलीकडून आई पाठ टेकायची. हळूहळू काच कोमट व्हायची. मग आई जुन्या घराचं सांगायची. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, तापलेल्या गच्चीवर अनवाणी केलेली पळापळ, शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून आपली भाजी उतरवणारी आळशी मावशी. “असं असायचं आमच्याकडे,” आई म्हणायची.

काचेच्या अलीकडे, मोठ्या दालनात, थोरली माणसं काळ्या तळ्याची गाणी म्हणायची. वादळ सरलं, बाहेरचं दार उघडलं, की तळ्यावर जाऊ. लेकीच्या आठवणीत ते दार उघडलं नव्हतं. पण गाणी अशी, की तळ्याकाठी आपण खेळलोय असंच वाटावं. भिंगरीला तीच गाणी म्हणून ती निजवायची.

आणि भिंगरी निजायची ती दिव्याकडे सरकून. कधी कधी तिचे ओठ निळसर दिसायचे. हे भिंगरीच्या आईने कुणाला सांगितलं नव्हतं. शेवाळाच्या वाफ्यांवर काम करणारा नवरा म्हणायचा, “तिचे श्वास मोजणं सोड बघू. तू मोजलेस म्हणून ती जास्त घेणार आहे का?”

डॉक्टरीणबाई आल्या. त्याही उन्हातल्या, त्यामुळे नाकातोंडावर हवेची नळी. त्यांनी भिंगरीला मधल्या खोलीत ठेवलं आणि झडप लावली. दालनातली माणसं गोळा झाली. रीतच होती तशी. आईकडची हवा हळूहळू आत सोडायची. बाळ नाकपुड्या मिटून घेतं, भोकाड पसरतं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि ‘आपलं’ बाळ आपल्याकडे परत येतं.

मूल रडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली आई जगात दुसरी नसेल.

भिंगरी रडली नाही. तिने छाती भरून श्वास घेतला. ओठ गुलाबी झाले. मग ती हसली.

टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच खाली गेले.

“ही उन्हातली निघाली,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “इथे वाढेल तसा तिचा जीव गुदमरेल. लवकर ठरव.”

नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती जाळीपाशी गेली.

“आई, आधी तू कोंडून घेतलंस. आता हिने पण त्या स्टुलावरच जन्म काढायचा?”

“मला कोंडल्यासारखं नाही गं वाटलं कधी,” आई म्हणाली, आणि तिने नजर चुकवली.

“रोज आणशील ना हिला काचेपाशी?” लेकीने विचारलं.

“रोज.”

“पाठीवर थोपटू नकोस, जागी होते. केसांतून बोट फिरव.”

“बरं.”

“आणि तळ्याचं गाणं…”

“येतं मला. ऐकतेय की इतकी वर्षं.”

लेकीने डॉक्टरीणबाईंकडे पाहून मान हलवली. पलीकडची झडप उघडली.

आईच्या हातांना आधी काही कळेना. डोकं धरावं की पाठ. मग एकदम कळलं. तिने भिंगरीला छातीशी घेतलं, मानेत तोंड खुपसलं, आणि अलीकडे लेक उभी आहे हेच विसरून गेली. भिंगरी कुरकुरायला लागली तशी म्हणाली, “चल हो चल, दाखवते तुला गंमत.” आणि पडदा सारून आत गेली.

एरवी पडदा ती पाठोपाठ ओढून घ्यायची. आज दोन्ही हात गुंतले होते.

पडद्यामागे बिछाना नव्हता. एक दार होतं, सताड उघडं. उजेडाने अलीकडे उभ्या लेकीचे डोळे चुरचुरले, पाणी आलं, तरी तिने ते मिटले नाहीत. दोरीवर चादरी वाळत होत्या, आई सांगायची तशाच. एक जण शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता. खाली दोन बायका पिशव्या जमिनीवर टेकवून बोलत थांबल्या होत्या. आणि तिची आई, भिंगरीला कडेवर घेऊन, भर उन्हात रस्ता ओलांडत होती.