मेबल अजून लहान आहे

बायको गेल्यापासून वेंडेलच्या घरात दोघंच: तो आणि त्याची मेबल नावाची बोआ अजगरीण. ओहायोत बर्फ पडायला लागलं, की तिच्याशी जुळवायला नर म्हणून मी माझा ड्यूक उशीच्या अभ्र्यात घालून नेतो. वेंडेल तिला वजनकाट्यावर ठेवतो, पाठ चाचपतो आणि मान हलवतो. "अजून अंगानं भरली नाही रे. घाई केली तर पोरीचा जीव जायचा. पुढच्या हिवाळ्यात बघू. आलाच आहेस तर पत्ते काढ." मेबल आता सोफ्याला पुरून उरते, तरी दर हिवाळ्यात हेच.

यंदाही मी निघालो, तर माझी बायको म्हणाली, "अरे, ड्यूक मादी आहे, हे त्या बिचाऱ्याला कधी सांगणार आहेस?"

मी अभ्र्याला गाठ मारली. "मेबल तयार झाली, की सांगतो."