आप्पांच्या हातातला रेझर

“आप्पा, तो नको!” म्हणत हर्षलनं वडिलांच्या हातातला आपला रेझर हिसकावला.

गालाला फेस लावलेले आप्पा बघतच राहिले. मुलीच्या साखरपुड्यासाठी घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि त्या गडबडीत त्यांना स्वतःचा रेझर सापडला नव्हता. “बापाला एवढीही मुभा नाही?” ते हसत म्हणाले.

हर्षलनं न्हाणीघराचं दार लावून घेतलं. “मला हेपटायटिस सी आहे, आप्पा. रक्तातून पसरतो. तुम्हाला कापलं असतं तर?”

“तुला कुठून झाला?”

त्यानं मान खाली घालून शर्टाची बाही वर केली. कोपरापाशी सुयांचे काळे वण होते. “नशा करायचो. एकच सुई आम्ही तिघं वापरायचो.”

आप्पा स्टुलावर बसले. “बरा होतो का हा?”

“होतो. तीन महिने गोळ्या असतात. पण दवाखान्यात म्हणाले, घरचं कुणी सोबत आण. तुम्हाला सांगायची लाज वाटली.”

“उद्या जाऊ.”

“तिथं सगळं विचारतात, आप्पा.”

“विचारू देत. मी शेजारी बसेन.”

बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून हर्षलनं नळ मोठा सोडला आणि तो रडू लागला.