एक सूर खाली

"नेल्डा, सूर दे गं!" वेंडल ओरडला.

ती त्याच्यापासून दोन हातांवर बसली होती. पण गेली चार वर्षं तो तिच्याशी असाच बोलायचा, तिच्या समोर येऊन, शब्द तोडून तोडून. एकाहत्तरीचा माणूस, कान गेले असणार, असं नेल्डा स्वतःला समजवायची. फिडलवाला क्लीट तिला चिडवायचा, "आमच्याशी बरा बोलतो की! तुझ्यावर जीव आहे, म्हणून तुझ्यावरच खेकसतो."

वेंडल स्टोक्सच्या ताफ्यात सूर जुळवायचं यंत्र नव्हतं. होतं एक, ते त्याने अबिलीनच्या रस्त्यावर बसच्या खिडकीतून भिरकावलं होतं. "सूर माणसाने द्यायचा," म्हणाला. तेव्हापासून नेल्डा आपल्या आडव्या स्टील गिटारीवर एक सूर छेडायची आणि सगळे आपापल्या तारा त्याला जुळवायचे.

आणि तिथेच सगळं अडकलं होतं.

वेंडल शेवटी नेहमी एकच गाणं म्हणायचा, घरी परतणाऱ्या ट्रकवाल्याचं. 'घरी' या शब्दावर आवाज जो वर चढायचा, त्यासाठी लोक शंभर मैलांवरून यायचे. त्याने स्टेजवरून शपथच घेतली होती, "ज्या दिवशी हा सूर लागणार नाही, त्या दिवशी टोपी खुंटीला, गाणं बंद!" चार वर्षांपूर्वी ॲमरिलोच्या कार्यक्रमात तो सूर फाटला. म्हातारा बसमध्ये टोपी मांडीवर घेऊन बसून राहिला. नेल्डाला बघवेना. दुसऱ्या दिवशी तिने सूर अर्धा उतरवून दिला. वेंडल छान गायला. पुढच्या वर्षी, वयाचा काय भरवसा, म्हणून आणखी अर्धा. ताफ्यातल्या पोरांच्या लक्षात आलं होतं, पण पोट सगळ्यांनाच होतं. कोणी अवाक्षर काढलं नाही.

आता तिला ताफ्यातून बाहेर पडता येईना. ती गेली की नवा स्टीलवाला सूर बरोबर देणार, म्हातारा हजारो लोकांसमोर फसणार, आणि चार वर्षं आपल्याला फसवलं हेही त्याला कळणार. आणि तिकडे ब्राउनफील्डला आई, शहाऐंशी वर्षांची, दर रविवारी फोनवर विचारायची, "कधी येतेस?" "या उन्हाळ्यात नक्की," नेल्डा म्हणायची. असे चार उन्हाळे गेले. गेल्या रविवारी आईने विचारलंच नाही.

त्यात एजंटाने पुढच्या तीन वर्षांचा करार पाठवला होता. महिनाभर तो वेंडलच्या टोपीत घडी होऊन पडला होता. आजचा कार्यक्रम जत्रेत होता आणि सहीचा कागद न्यायला एजंट स्वतः तिथे येणार होता.

आज नाही तर कधीच नाही. नेल्डाने सकाळीच आपल्या सगळ्या तारा पुन्हा मूळ सुरावर चढवल्या होत्या. वेंडल स्टेजकडे निघून गेला तसा तिने सूर छेडला.

क्लीटची मान झटकन वर आली. "अगं, हा तर जुना..."

"घे तोच."

"डोकं फिरलंय का तुझं? बॉस तोंडावर आपटेल!"

"आपटू दे. शपथ त्याचीच आहे. एकदाच आपटेल आणि सुटेल बिचारा. आपणही सुटू."

क्लीटने खुंट्या पिळल्या. बाकीच्यांनीही.

भर दुपारचं ऊन, तळलेल्या मक्याचा वास, पुढे टोप्याच टोप्या. शेवटचं गाणं सुरू झालं. 'घरी' जवळ आला तशी नेल्डाला लाज वाटली. तिने मान खाली घातली, वर बघायची हिंमतच होईना.

वेंडलने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि तो सूर सहज, स्वच्छ लावला. लावला आणि धरून ठेवला. जत्रा उठून उभी राहिली.

कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजमागे तिला शोधत आला. शेजारी बसला आणि चार वर्षांत पहिल्यांदा हळू आवाजात बोलला.

"पोरी, कान बरा झाला म्हणायचा तुझा! डॉक्टरकडे गेली होतीस का?"

"माझा कान?"

"ॲमरिलोला मला सर्दी झाली होती. दुसऱ्याच दिवशी तू सूर खाली दिलास. मग पुढच्या वर्षी आणखी खाली. म्हटलं, संपलं, पोरीचा कान गेला. पोरंही तुझ्याकडे बघून गप्प, मीही गप्प. असलं तोंडावर कसं सांगायचं गं माणसाला? तू सोडून दुसऱ्याच्या सुरावर मी गाणार नव्हतो. म्हणून आजच्यानंतर ताफाच बंद करायचा, असं ठरवलं होतं."

त्याने टोपी काढली. ती रिकामी होती.

"पण आज तू सूर दिलास आणि सगळा प्रश्नच मिटला. आत्ताच एजंटाला सही करून दिली, तीन वर्षांची. पोरं नाचतायत तिकडे. फक्त एक घोळ झालाय, तेवढा तू निस्तर. सकाळी मी तुझ्या आईला फोन केला होता, नेल्डा उद्या कायमची घरी येतेय म्हणून. म्हातारी सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलीय म्हणे."