साक्षीचं पाणी

मिलूटिन वस्ताद ओढ्यावर आले ते बॉक्सिंग क्लबचा लाल ट्रॅकसूट घालून, आणि सोबत फोटोवाला घेऊन. मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला फोटोवाला! हातात भलामोठा पुष्पहार, त्यावर त्राइलोच्या नावापेक्षा क्लबचं नाव ठळक. बघूनच शिसारी यावी.

त्राइलोची बहीण फ्लोरिका काठावर बादली घेऊन उभी होती. मेलेल्याला तहान लागते, असं या डोंगरातले आम्ही व्लाख लोक मानतो. म्हणून भावाच्या नावाने ती चाळीस दिवस घरोघर पाणी पोचवत होती. आज शेवटची बादली ओढ्यात सोडायची, पण त्याआधी एका साक्षीदाराने त्यातलं भोपळ्याचा तुंबा भरून पाणी प्यायचं. तो पितो ते मेलेल्याला पोचतं. साक्षीदार मेलेल्याची आई ठरवते, आणि पेर्सिदाने अजून कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

वस्तादांनी तिला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे काय, साऱ्या गावाला ऐकू येत होतं.

"पेर्सिदाताई, उद्या चौकशीवाले येतील. त्यांना एवढंच सांगा, पोराचं हृदय लहानपणापासून कमजोर होतं. क्लबच्या हॉलला त्याचं नाव देतोय आम्ही."

कमजोर हृदय! ज्या पोराने तीनदा देशाचं अजिंक्यपद आणलं, फुटलेल्या भुवईने युरोपातली अंतिम लढत शेवटच्या घंटेपर्यंत उभ्याने काढली, त्याचं? विशीच्या आत तो सत्तावन्न किलोच्या गटात खेळायचा. पुढे उंची वाढली, खांदे रुंदावले, तरी वस्तादांनी त्याला वरच्या गटात जाऊ दिलं नाही. सत्तावन्नमध्ये पदक हुकमी होतं ना! मग प्रत्येक स्पर्धेआधी वजन उतरवायला उपाशी राहायचं आणि अंगाला प्लास्टिक गुंडाळून वाफेच्या खोलीत बसायचं. चाळीस दिवसांमागे असाच बसला, तो उठलाच नाही.

"त्या सकाळी त्याने मला फोन केला होता, वस्ताद," पेर्सिदा म्हणाली. "म्हणाला, आई, पाणी नुसतं चूळ भरायला देतात. गिळलं का ते तोंड उघडायला लावून बघतात."

"अहो, सगळेच करतात ते." वस्ताद सांत्वन करावं तशा आवाजात म्हणाले, "पण वजन सत्तावन्नात बसलं होतं बरं का, ताई. दवाखान्यात त्यांनी मोजलं ना, तेव्हा काटा बघितला मी."

मेलेल्या पोराच्या वजनाचा काटा बघणारा माणूस आमच्या ओढ्याकाठी उभा होता, आणि कुणी त्याला पाण्यात ढकलून दिलं नाही.

फ्लोरिका बादली घेऊन मध्ये आली. "आई, हाकल ह्याला! आत्ताच्या आत्ता!"

"थांब गं," पेर्सिदा म्हणाली. "साक्षीदार हाच."

तिने तुंबा बादलीत बुडवला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. "घ्या, वस्ताद. त्राइलोच्या नावाने."

वस्तादांचा जीव भांड्यात पडला, ते चेहऱ्यावर दिसलंच. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला. वस्तादांनी छाती पुढे काढली, फोटोला शोभेल असा दुःखी चेहरा केला आणि तुंबा रिकामा केला.

पेर्सिदा जवळ गेली. तिने त्यांची हनुवटी धरली.

"तोंड उघड."

"हे काय, ताई..."

"उघड म्हणते ना! गिळलंस का बघू दे. माझं पोर तहानलेलं गेलंय."

वस्तादांनी फोटोवाल्याकडे बघितलं, मग गावाकडे. कुणी मध्ये पडेना. शेवटी त्यांनी आ वासला, मागची सोन्याची दाढ दिसेपर्यंत. दारूचा भपकारा आला, पण पेर्सिदाने तोंड फिरवलं नाही. ती वाकून, मान तिरकी करून, जिभेखालीसुद्धा नीट बघत राहिली.

मग तिने तुंबा पुन्हा बादलीत बुडवला.

"अजून," ती म्हणाली.

बादली अजून भरलेलीच होती.