चुकीचा जिना

शाळेचा थांबा आला, कुणीतरी घंटीचं बटण दाबलं, आणि निळ्या गणवेशातली सगळी पोरं एकमेकांना ढकलत उतरली. मुंगी तेवढी मागच्या बाकावर दप्तर पोटाशी धरून बसून राहिली.

पुढच्या आरशात ड्रायव्हरबाईंचे डोळे क्षणभर तिच्यावर थांबले. मग दार मिटलं आणि बस निघाली.

ड्रायव्हरबाई म्हणजे मुंगीची आई. पण पाचवीत, या मोठ्या शाळेत आल्या दिवशीच मुंगीने बजावून ठेवलं होतं: बसमध्ये ओळख दाखवायची नाही. आईला घेऊन शाळेत येते, असं कुणी म्हणायला नको. आईनेही ते कसोशीने पाळलं होतं. आरशातून बघायची, तेवढंच.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. आईने इंजिन बंद केलं, पाण्याची बाटली उचलली आणि सावकाश मागे आली.

"शेवटचा थांबा, ताई. उतरा."

"आई, नाटक नको ना."

"बसमध्ये मी आई कुठे आहे? तूच म्हणालीस."

मुंगीच्या डोळ्यांत पाणी जमा झालं, तशी आई शेजारी टेकली. बाटली पुढे केली.

थोड्या वेळाने एकेक बाहेर आलं. शाळेला दोन जिने, दोन्ही एकसारखे. काल मधल्या सुट्टीनंतर मुंगी भलत्याच जिन्याने वर गेली आणि आठवीच्या वर्गात जाऊन बसली. सर फळ्यावर लिहायला लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं. पण सगळ्यांदेखत उठायचं कसं? तास संपेपर्यंत ती मान खाली घालून बसली. शेवटी सरांनी नाव विचारलं आणि अख्खा वर्ग हसून लोटपोट झाला.

"आता सगळे मला पाहुणी म्हणतात. जिन्यात अडवून विचारतात, पाहुणी, चहा घेणार का?"

आईला हसू आलं. ते तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

"मला घरी सोड."

"माझी बस घराकडे जात नाही, बाळा."

"मग मी इथेच बसून राहते."

"बस की. परत जाताना शाळा लागतेच. पण मी थांबेन कधी, माहीत आहे ना? घंटी वाजली तर. नाहीतर सरळ पुढे. संध्याकाळपर्यंत तुला फिरवेन, पण ती घंटी मी वाजवणार नाही."

परतीला बस भरली. टोपीवाले आजोबा रोजच्यासारखे ड्रायव्हरच्या मागची जागा धरून बसले. बाजाराच्या चौकात डावीकडे वळायचं असतं.

बस सरळ गेली.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एकदम गलका उठला.

"अहो बाई, कुठे नेताय आम्हाला?"

"सहल काढली वाटतं आज."

"मग डबा तरी आणायला सांगायचं."

सगळीकडे हशा पिकला. आजोबा टोपी सारखी करत म्हणाले, "इतकी वर्षं याच रस्त्यावर तुम्ही, आणि आज वळण विसरलात?"

मागच्या बाकावर मुंगीची कानशिलं तापली. आईच्या जागी आपणच बाकाखाली शिरावं, असं तिला झालं. भीत भीत तिने आरशाकडे पाहिलं. आईचा चेहराही लाल झाला होता. पण मान खाली नव्हती.

"चुकले," आई म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पुढून वळवते."

लोक आणखी थोडे हसले. पुढच्या चौकात बसने मोठा वळसा घेतला, पाठीमागून एका मोटारीने शिव्या दिल्यासारखा भोंगा वाजवला, आणि बस पुन्हा आपल्या रस्त्याला लागली. तोवर आजोबा स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगायला लागले होते. सहलीचं नाव कुणी काढत नव्हतं.

शाळेची लांबलचक भिंत सुरू झाली. बसचा वेग तसूभरही कमी झाला नाही. मुंगीने आरशात पाहिलं, पण आईची नजर समोर रस्त्यावर होती. भिंत सरत आली. फाटक दिसायला लागलं.

घंटी वाजली.

बस थांबली. मुंगी माणसांमधून वाट काढत पुढच्या दारापाशी आली.

"आई, येते," ती म्हणाली. अर्ध्या बसने माना वळवून पाहिलं.

"उतरताना पायरी बघा, ताई," आई मागे न बघताच म्हणाली.

पटांगणात चिटपाखरू नव्हतं. तास केव्हाच सुरू झाले होते. मुंगीने मन घट्ट केलं, दप्तर पाठीवर चढवलं, तरातरा जिना चढली आणि दार ढकललं.

सगळी डोकी एकदम तिच्याकडे वळली. फळ्यावर कालच्यासारखंच काहीतरी अगम्य लिहिलेलं होतं.

"या, पाहुणी," मागून कुणीतरी म्हणालं.

मुंगीचे पाय तिथेच रुतले. दाराजवळचा एक बाक रिकामा होता. कालचाच.

"चुकले," ती म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "वळते."

तिने दार नीट ओढून घेतलं. आत हसण्याचा भर ओसरला, तेव्हा ती दुसऱ्या जिन्याच्या निम्म्यावर पोचली होती.